कालवणात डाळ किती?

महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायांची तपासणी असते. बीड जिल्ह्यातल्या अशाच एका केंद्राच्या व्हरांड्यात मी बसले होते. समोर एकवीस-बावीस वर्षांची मुलगी. पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.१. तिच्या कार्डाला जोडलेल्या कागदावर ‘आहारात डाळ आहे का’ या प्रश्नापुढे ‘होय’वर बरोबरची खूण होती.

“काल दुपारी काय जेवलीस?”

“भाकर अन् कालवण.”

“कशाचं?”

“डाळीचं की.”

“शिजायला डाळ किती घेतलीस?”

तिनं मूठ मिटून दाखवली. लहानशी मूठ. घरात जेवणारी माणसं सात. “माझ्यापोतर येईस्तोवर तिखट पाणीच ऱ्हातं,” ती म्हणाली, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

त्या मुठीत फार तर पन्नास ग्रॅम डाळ मावत असेल. सगळ्यांना सारखी वाटली तरी एकाच्या वाट्याला सात ग्रॅम, म्हणजे दीड ग्रॅम प्रथिनं. पोटात पाच महिन्यांचं बाळ असलेल्या बाईला दिवसाला पंचावन्न ग्रॅमच्या आसपास लागतात. भाकरीतून थोडी येतात, बाकीची कुठून येणार? कागदावरचं ‘होय’ खोटं होतं असं मी म्हणणार नाही. डाळ होतीच. आपण विचारायचं मध्येच थांबवलं होतं.

आपल्याकडे वैद्याच्या हातून पुडी घेतली की रुग्णाचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: पथ्य काय? तो प्रश्न अजून गेलेला नाही. केसपेपर हातात घेऊन उठता उठता माणूस आजही विचारतो, “डॉक्टर, खायचं काय?” फक्त उत्तर द्यायचं काम आता कोणाचंच राहिलेलं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर सकाळच्या ओपीडीत पन्नास-साठ माणसं उभी असतात. ते म्हणतात, “पालेभाज्या, फळं, दूध घ्या.” सिस्टर लसीकरण आणि रजिस्टरं यांत बुडालेल्या. आशाताईंना घरातली सगळी खबर असते, पण आहाराचं शिक्षण त्यांना मिळतं ते दोन-चार दिवसांच्या प्रशिक्षणातलं. मी त्यांच्यापैकी कोणालाही दोष देत नाही. जे काम कोणाच्याच नावावर नाही ते कोणाच्याच हातून होत नाही, एवढंच.

१९७८ साली अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेत काय काय असावं हे लिहिलं गेलं, तेव्हा अन्नपुरवठा आणि योग्य पोषण ही त्यातली मूलभूत बाब होती. लस, औषध, बाळंतपण यांच्या बरोबरीची. आपण त्या यादीतलं बाकी बरंच काही उभं केलं. सपाटीच्या भागात तीस हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली उपकेंद्रं, असा सांगाडा आहे. त्या केंद्राच्या मंजूर पदांत डॉक्टर आहेत, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत. आहारतज्ज्ञ नाही. तो भेटतो जिल्हा रुग्णालयात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे मुलाच्या दंडाची पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली, लाल रंगात गेल्यावर आणि वर आजारही जडल्यावर. तिथं मूल दोन आठवडे राहतं, आईला खिचडीत तेल किती घालायचं ते हाताला धरून शिकवलं जातं, वजन वाढतं. हे काम अतिशय चांगलं चालतं हे मी पाहिलंय. पण तीच गोष्ट त्या आईला पट्टी पिवळी असताना, गावात, का कळू नये?

कोणी म्हणेल, अंगणवाडी आहे ना. आहे, आणि १९७५पासून तिनं काय सोसलंय ते गावात राहणाऱ्याला ठाऊक आहे. पण अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, गोळ्या आरोग्य विभागाच्या, आणि धान्य पुरवठा विभागाचं. ताट मात्र एकच असतं, आणि त्या ताटाकडे पूर्ण पाहणारं कोणी नाही. सहा वर्षांच्या पुढची मुलगी, म्हातारी सासू, क्षयातून उठलेला बाप हे तर अंगणवाडीच्या दारातच येत नाहीत.

लोहाच्या लाल गोळ्यांचं पाहा. १८० गोळ्या हातात देणं हे आपल्याकडे मोजलं जातं आणि बहुतेक वेळा होतंही. तरीही महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४८ टक्के होता, तो २०१९-२१च्या पाहणीत ५४.२ टक्क्यांवर गेला. याची कारणं अनेक आहेत. व्हरांड्यात बसून दिसतं ते एक सांगते. ती मुलगी लोहाची आणि कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर घेत होती, कारण तेव्हाच आठवण राहते. चहा लोह शोषू देत नाही, कॅल्शियमही आड येतं. वर मळमळ होते, शौचाला काळी होते, मग ती घाबरून चार दिवस गोळी बंद ठेवते. शौचाला काळी होणारच, घाबरू नकोस. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर तासाभरानं घे, लिंबू पिळलेलं पाणी मिळालं तर त्याबरोबर. कॅल्शियम सकाळी, पोटात काही घालून. एवढं सांगायला सहा मिनिटं लागली. ती सहा मिनिटं कोणाच्या पगारात धरलेली आहेत?

आता मधुमेहाकडे वळते, कारण आहारतज्ज्ञ म्हणजे कुपोषित बालकांची बाई अशी एक समजूत पक्की झाली आहे. २०१९-२१च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रिया वजनानं कमी भरल्या आणि २३.४ टक्के जास्त. बरेचदा या दोघी एकाच वाड्यात राहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानानं टिकून होती. पुढं मधुमेहाची पायवाट या अशा अंगकाठीतून जाते, असं त्यांचं म्हणणं. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं: ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळं अधिक भरलेली होती. म्हणजे माझ्यासमोरच्या मुलीचं कालवण हा तिच्या पोटातल्या बाळाच्या चाळिशीतल्या साखरेचाही प्रश्न आहे. हे वाचल्यापासून मला ‘कुपोषण विभाग’ आणि ‘असंसर्गजन्य आजार विभाग’ अशा दोन पाट्या वेगळ्या दिसत नाहीत.

मधुमेहाच्या माणसाला काय सांगितलं जातं? भात बंद, गोड बंद, बटाटा बंद, ज्वारी खा. एक बाबा मला म्हणाले, “ज्वारी खाऊन तर मोठा झालो, ताई. आता रेशनला तांदूळ येतो.” अन्नसुरक्षा कायद्याचं माणशी पाच किलो धान्य बहुतेक करून गहू-तांदळात येतं, आणि ज्वारी विकत घ्यायची तर खिशाला चटका बसतो. ज्या माणसाच्या पिंपात तांदूळ आहे त्याला भात बंद सांगणं म्हणजे त्याला उपाशी राहा सांगणं, किंवा आपलं ऐकू नको म्हणून सांगणं. त्यांच्याशी बोलताना निघालं की घरच्या रानात हुलगे होतात, पण ते बैलांचं खाणं म्हणून मागे पडलेले. मग हिशेब सोपा झाला. भात निम्मा, त्यावर घट्ट हुलग्याचं पिठलं, तांदुळजा किंवा घोळ जे मिळेल ते मूठभर जास्त, आणि जेवणाची वेळ ठरलेली, कारण गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहण्यानं त्यांना दोनदा चक्कर आली होती. हे कुठल्याही भित्तिपत्रकावर छापता येत नाही, कारण शेजारच्या बाबांच्या रानात हुलगे नाहीत आणि त्यांना दात नाहीत.

सल्ल्याच्या मर्यादा मला माहीत आहेत. ताटात घालायला काही नसेल तर सल्ला म्हणजे जखमेवर मीठ. अशा वेळी अन्नच द्यावं लागतं, आणि ते औषधासारखं काम करतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात ‘रेशन्स’ नावाचा अभ्यास केला. क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना महिन्याला माणशी तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. इतकं घटवणारी लस आली असती तर आपण पेढे वाटले असते. इथं तर डाळ-तांदूळ होते. सरकारनं नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये २०२४च्या नोव्हेंबरपासून १००० केले, ते योग्यच झालं. पण पैसे खात्यात पडल्यावर त्यातून घरात काय आलं, रुग्णाचं वजन वाढलं का, हे दर महिन्याला काट्यावर उभं करून पाहणारं माणूस हवं.

असं माणूस ठेवणं अशक्य नाही. ब्राझीलनं २००८ साली गावपातळीवरच्या आरोग्य पथकांच्या पाठीशी साहाय्यक गट उभे केले आणि त्यांत आहारतज्ज्ञांना जागा दिली. आपल्याकडे दर केंद्राला एक जमणार नसेल तर तालुक्याला दोन तरी नेमा. गृहविज्ञान आणि आहारशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या मुली दर वर्षी बाहेर पडतात आणि शहरातल्या वजन घटवण्याच्या दुकानांत लागतात, कारण गावात त्यांना पद नाही. पद द्यायचं तर त्यांना बसायला जागा, फिरायला भत्ता आणि वेळ द्या. आणखी एका रजिस्टरचं ओझं देऊ नका. आणि त्यांना आधी विचारायला शिकवा: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय गेलं, कोणी वाढलं, सगळ्यांत शेवटी कोण जेवलं. आमच्या शास्त्रात याला चोवीस तासांची आठवण म्हणतात. माझ्या लेखी ते नाडीपरीक्षेइतकंच महत्त्वाचं आहे.

सहा आठवड्यांनी ती मुलगी परत आली. हिमोग्लोबिन ९.४. अकराला अजून पोचायचं होतं. सासूबाई सोबत होत्या. मागच्या खेपेला मी त्यांच्याशीच जास्त बोलले होते. डाळ आता दोन मुठी पडते आणि सुनेचं ताट आधी वाढलं जातं, असं त्यांनी सांगितलं. अंगणवाडीचं पाकीटही आता तीच खाते, घरभर वाटलं जात नाही.

मग म्हणाल्या, दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघणार. मुकादमाची उचल घेतलेली आहे, जोडीनं कोयता ठरलाय, सुनेला मागं ठेवता येत नाही. म्हणजे दिवाळीनंतर ती पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर, कोपीत असणार होती. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, उजाडायच्या आत फडात जायचं. कालवण सांडतं म्हणून बरोबर नेत नाहीत. भाकरीवर चटणी, एवढंच दिवसभर.

मी तिचं कार्ड घेऊन मागच्या बाजूला लिहायला लागले. तिला वाचता येतं. डब्यात काय सांडत नाही, काय विटत नाही, पिशवीत काय मावतं, असं दोघी मिळून आठवत गेलो. फुटाणे. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. शेंगदाण्याच्या चटणीत तीळ. हुलग्याच्या पिठाचं माडगं रात्री, चुलीवर भाकरीनंतर. लिंबं, मिळाली तर. लाल गोळ्या तीन महिन्यांच्या, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकच्या डबीत.

“तिथं तपासायला कुणाकडं जाऊ?” तिनं विचारलं.

कोणत्या कारखान्याला जाणार ते अजून ठरलं नव्हतं. मी कार्डावर आशाताईंचा फोन नंबर लिहिला आणि त्याखाली जागा मोकळी सोडली.