सहा उंदीर, बारा दाढा

काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. उंदराच्या दाढेचा पल्प, म्हणजे आतला मऊ गाभा, उघडा पाडायचा, त्यावर औषधाचा थर द्यायचा आणि खाली डेंटिनचा, म्हणजे दाताच्या कठीण थराचा, पूल बांधला जातो का, ते पाहायचं. विषय चांगला होता, काचपट्ट्यांचे फोटो सुरेख होते. तक्त्यात मात्र ‘नमुने : 12’ एवढंच. बारा उंदीर की बारा दाढा? बरीच पानं उलटल्यावर कळलं, उंदीर सहाच. प्रत्येकाची उजवीकडची आणि डावीकडची एकेक दाढ धरली होती. दोन्ही दाढांना रक्त तेच, खाणं तेच, आजारपण तेच. एकाच घरातल्या दोन भावंडांना विचारायचं आणि दोन घरांचं मत घेतलं म्हणायचं, तसा हा हिशेब.

मुलगा प्रामाणिक होता. त्यानं वाचलेल्या लेखांत जसं लिहिलं होतं, तसंच त्यानं लिहिलं.

दंतवैद्यकावर उंदरांचं ऋण मोठं आहे. 1954 मध्ये ऑरलंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांना कीड लावणारा आहार दिला तरी त्यांचे दात किडत नाहीत. 1965 मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून पल्प उघडा ठेवला. साध्या उंदरांचा पल्प सडला. जंतुविरहित उंदरांच्या दाढेत अन्न अडकून बसलं तरी पल्प जगला आणि त्यावर डेंटिनचा पूल बांधला गेला. रूट कॅनाल करताना जंतूंशी एवढी झुंज का द्यायची, याचं उत्तर इथं मिळालं. हा निष्कर्ष आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. उंदीर किती होते, गटांत कसे वाटले, हे तोंडी परीक्षेत कुणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही.

त्या काळातली काळजी वेगळी होती. 1959 मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी तीन गोष्टी मांडल्या : जमेल तिथं प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि वापरताना त्यांचे हाल कमी करा. पुढच्याच वर्षी भारतात प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा आला. आज संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घेतल्याशिवाय पिंजरा उघडता येत नाही. पण ही सगळी चौकशी मुख्यतः प्रयोगाच्या आधीची. नंतर कागदावर काय उतरलं, ही उरलीसुरली कारकुनी मानली जायची.

ही समजूत हलली ती 2009 च्या एका पाहणीनं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सरकारी पैशातून झालेल्या प्राणीसंशोधनाचे 271 लेख तपासले गेले. प्राणी गटांत चिठ्ठ्या टाकून वाटले का, याचा उल्लेख 87 टक्के लेखांत नव्हता. निकाल पाहणाऱ्याला गट ठाऊक होता की नाही, हे 86 टक्क्यांत नव्हतं.

चिठ्ठ्यांचं एवढं काय, असं वाटेल. पिंजऱ्यात हात घालून पाहा. सुस्त उंदीर आधी हाती येतो. चपळ कोपऱ्यात पळतो, जाळीला चिकटतो, शेवटी सापडतो. पहिले तीन औषधाचे आणि पुढचे बिनऔषधाचे ठरवले, तर औषध लागण्याआधीच दोन्ही गट वेगळे झालेले असतात. काचपट्टीचंही तेच. दाढेतला चुना उतरवायला कित्येक आठवडे जातात, मग मायक्रॉनमध्ये मोजायचे पातळ काप निघतात. शेवटी सूज ‘सौम्य’ की ‘मध्यम’, हे सूक्ष्मदर्शकावरचा डोळाच ठरवतो. पट्टीच्या कडेला पेन्सिलनं गटाचं अक्षर असलं, की डोळा औषधाच्या बाजूनं झुकतो. माझा झुकलेला आहे.

2010 मध्ये ब्रिटनमध्ये प्राणीप्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी ‘अराइव्ह’ नावाची वीस कलमांची नियमावली आली, आणि नियतकालिकांनी तिला भराभर पाठिंबा दिला. पाठिंबा द्यायला काय जातं? 2019 मध्ये एका चाचणीचे निकाल आले. एका नियतकालिकाकडे आलेल्या सुमारे 1,700 हस्तलिखितांपैकी काहींच्या लेखकांवर ही यादी भरण्याची सक्ती केली होती, बाकीच्यांवर नाही. दोन्ही गटांत एकाही लेखानं सगळी कलमं पाळली नाहीत. सक्तीनं सुधारणा दिसली ती फक्त प्राण्यांच्या देखभालीच्या माहितीत. दिवे किती तास चालू होते, हे लोक लिहू लागले. उंदीर कसे वाटले, हे तसंच राहिलं. मला यात आपल्या दफ्तरांचा चेहरा दिसतो : रकाना सोपा असेल तर भरायचा.

2020 मध्ये यादी सुधारली आणि त्यातली दहा कलमं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली. प्राणी किती घेतले, किती वगळले आणि का, वाटणी कशी केली, गट कुणापासून लपवले, हे त्यांत आहे. 2021 मध्ये रूट कॅनालच्या क्षेत्रानं प्राणीप्रयोगांसाठी आपली स्वतंत्र यादी केली. फोटोंच्या दर्जालाही तिच्यात जागा आहे. दंतवैद्यकाला ती हवीच होती, कारण एकाच तोंडात अनेक दात असतात आणि दात मोजायचा मोह आम्हालाच होतो.

त्या मुलाला मी प्रबंध परत दिला आणि प्रयोगशाळेतली कच्ची वही आणायला सांगितली. वहीत तारखा होत्या, वजनं होती, भुलीचं प्रमाण होतं. तिसऱ्या दिवसाच्या पानावर एक ओळ खोडलेली होती, पण वाचता येत होती. प्रयोग सात उंदरांवर सुरू झाला होता.