पायरीची साक्ष

परोपकार हा शब्द आपल्या भाषेंत वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे कीं, तो कशाला लावावा आणि कशाला लावूं नये याचा विचार कोणी फारसा करीत नाहीं. रक्तदान, अन्नदान, ग्रंथदान, श्रमदान यांच्या मालिकेंत अलीकडे 'माहितीचें दान' असाही एक प्रयोग ऐकूं येऊं लागला आहे. ज्या कामाला उद्देशून तो होतो तें काम आम्हांला मोलाचें वाटतें. परंतु त्याला दान म्हणणें चुकीचें आहे, आणि या चुकीचे परिणाम त्या कामावरच होतात, असें आमचें मत आहे. तें येथें थोडें विस्तारानें मांडावयाचें आहे.

काम असें. इंटरनेटवरील नकाशांवर दुकानें, दवाखाने, ग्रंथालयें, उपाहारगृहें यांच्या जागा दाखविलेल्या असतात. परंतु चाकाच्या खुर्चीवरून, म्हणजे व्हीलचेअरवरून, हिंडणाऱ्या माणसाला अमुक दुकान कोठें आहे एवढें कळून भागत नाहीं. त्याच्या दाराशीं पायरी आहे कीं नाहीं, असल्यास किती उंच, दारांतून खुर्ची जाते कीं नाहीं, आंत स्वच्छतागृह असल्यास तेथवर पोंचतां येतें कीं नाहीं, हें त्याला घरून निघण्यापूर्वींच कळावें लागतें. स्वयंसेवकांनीं हिंडून, पाहून, मोजून ही माहिती नकाशावर नोंदवावयाची, एवढेंच तें काम. (सरकारदरबारीं आतां 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. आम्हांला तो अंमळ जड वाटतो. आम्ही साध्या वर्णनावरच भागविणार आहों.)

या कामाचा एक चांगला पाया बर्लिन शहरांत घातला गेला. तेथील राऊल क्राउटहाउजेन हे स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे गृहस्थ. मित्राला भेटावयाचें तें नेहमी एकाच कॉफीगृहांत, कारण तेथें खुर्ची आंत जाते एवढें ठाऊक. इतरत्र जाईल कीं नाहीं हें सांगणार कोण? या अडचणींतून २०१० सालीं त्यांनीं व त्यांच्या 'सोत्सियालहेल्डन' या संस्थेनें 'व्हीलमॅप' नांवाचा नकाशा सुरू केला. त्याचा आधार 'ओपनस्ट्रीटमॅप' हा होय. स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणानें २००४ सालीं आरंभिलेला हा नकाशा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाहीं. कोणीही त्यांत भर घालावी, कोणीही तो विनामूल्य वापरावा. व्हीलमॅपवर प्रत्येक स्थळाला एक रंग असतो. प्रवेशाशीं पायरी नाहीं आणि आंतील खोल्यांतही नाहीं, तर हिरवा. एकच पायरी, तीही ७ सेंटिमीटरांहून उंच नाहीं, आणि मुख्य खोल्यांत विनापायरी जातां येतें, तर पिवळा. याहून अधिक अडथळा असेल तर तांबडा. आणि ज्याविषयीं अद्याप कोणी कांहींच सांगितलेलें नाहीं त्याला करडा. आपल्याकडील शहरांत या करड्याचाच भरणा आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दान देणारा काय द्यावें आणि किती द्यावें हें आपल्या मर्जीनें ठरवितो. थोडें दिलें तरी तें पुण्यच, आणि हात सैल सोडला तर अधिक पुण्य. साक्षीदाराला ही मोकळीक नाहीं. त्यानें पाहिलें तेवढेंच सांगावें, न पाहिलेलें सांगूं नये, आणि आपल्या शब्दावर विसंबून दुसरा कोणी पाऊल टाकणार आहे हें विसरूं नये. साक्षींत उदारपणा हा गुण नसून दोष आहे. ओपनस्ट्रीटमॅपची रीतही साक्षीचीच आहे: दुसऱ्या कोणीं त्या जागीं जाऊन पाहिलें असतां पडताळतां येईल तेंच लिहावें, दुसऱ्या नकाशावरून उतरून घेऊं नये, आणि प्रत्येक बदल कोणत्या नांवानें व केव्हां झाला याची नोंद कायम राहते. दानपेटींत पैसा टाकणाऱ्याला नांव सांगावें लागत नाहीं; येथें मात्र सही करावी लागते.

हा भेद केवळ तर्काचा नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवानें आम्हांला पटलें. गेल्या हिवाळ्यांत त्यांच्यांतील कांहीं जण मोजण्याची फीत घेऊन शहराच्या जुन्या भागांत हिंडले. तेथील दुकानें जुन्या पद्धतीचीं, जोत्यावर बांधलेलीं. रस्त्यापासून दोन-दोन, तीन-तीन पायऱ्या उंच. एका जोड्यांच्या दुकानाच्या मालकानें त्यांची विचारपूस केली, चहा मागविला, आणि म्हणाला, "अहो, 'होय' लिहा कीं! कोणी तसें आलें तर आम्ही तिघे मिळून खुर्चीसकट वर घेतों. आजवर एकालाही परत पाठविलें नाहीं." मुलांनीं 'होय' लिहिलें. एका मुलीनें हरकत घेतली; नंतर वर्गांत तासभर वाद झाला. बहुमत दुकानदाराच्या बाजूचें होतें. इतक्या भल्या माणसाच्या नांवापुढें तांबडा ठिपका मांडावयाचा म्हणजे कृतघ्नपणाच, असा एकंदर सूर.

दुकानदाराच्या सद्भावाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तरीही ती नोंद खोटी होती. 'दारीं आलेल्याला तुम्ही वर घ्याल काय?' हा नकाशाचा प्रश्नच नव्हे. 'त्याला आपला आपण आंत येतां येईल काय?' हा त्याचा प्रश्न आहे. या दोहोंमधील अंतर पायांनीं चालणाऱ्याला क्षुल्लक वाटतें. पण एक जोडा विकत घेण्यासाठीं ज्याला तीन अनोळखी माणसांच्या हातीं आपलें शरीर सोंपवावें लागतें, रस्त्यावरच्या नजरा झेलीत हवेंत लोंबकळावें लागतें, आणि जोडा मनास आला नाहीं तरी त्या तिघांच्या श्रमांखातर घ्यावा लागतो, त्याला हें अंतर विचारून पाहावें. विजेवर चालणारी खुर्ची तर इतकी जड असते कीं, हें औदार्य तिच्यापुढें हातच टेकील. शिवाय तो मालक त्या दिवशीं दुकानांत नसला तर?

जवळच्या एका औषधांच्या दुकानांत फळी होती. मागितली म्हणजे पायरीवर टाकीत. येथेंही 'होय' लिहिण्याचा मोह स्वाभाविक. पण आपल्याकडील शासनमान्य मानकांत उताराचें प्रमाण एकास बारा असें धरलेलें आहे; म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीची एक पायरी चढावयाची तर उतार १८० सेंटिमीटर लांब हवा. ही फळी ६० सेंटिमीटर भरली. एकास चार! असल्या उतारावर आपल्या हातांनीं चाक फिरवीत जाऊं पाहणाऱ्याची खुर्ची मागें कलंडण्याचा धोका असतो. फळी ठेवणाराचा हेतु चांगला, लिहिणाराचा चांगला, आणि डोकें आपटणार तिसऱ्याचें.

यावर कोणी म्हणेल, मग शंका येईल तेथें 'नाहीं' लिहावें, म्हणजे निदान कोणाला इजा तरी होणार नाहीं. हा सल्ला दिसतो सावधपणाचा, पण आम्हांला तो पहिल्याहून अधिक घातक वाटतो. खोटा 'होय' लवकर उघडकीस येतो: माणूस जातो, दाराशीं अडतो, संतापतो, आणि त्यांतला एखादा तरी ती नोंद बदलतो. खोटा 'नाहीं' मात्र स्वतःच स्वतःचा पाठीराखा होऊन बसतो. ज्याला तेथें जातां आलें असतें तोच तें वाचून जात नाहीं. जात नाहीं म्हणून त्याला खरें कळत नाहीं. आणि कळत नाहीं म्हणून दुरुस्तीही होत नाहीं. एखादें चांगलें ग्रंथालय, मागच्या अंगास सपाट दार असलेलें, केवळ कोणीं पुढच्या पायऱ्या पाहून 'नाहीं' लिहिलें एवढ्यावरून एखाद्या वाचकाला वर्षानुवर्षें बंद राहील, आणि त्याचा बोभाटाही होणार नाहीं. म्हणून मागचें दार पाहिलें नसेल तर स्थळ करडेंच ठेवावें. स्वयंसेवकाला करडा रंग हा आपल्या आळसाचा पुरावा वाटतो, कांहीं तरी भरल्याशिवाय त्याला चैन पडत नाहीं. पण 'ठाऊक नाहीं' हेंही साक्षीदाराचें प्रामाणिक उत्तर आहे.

याहून अवघड प्रश्न अधिकाराचा. धडधाकट पायांच्या माणसाला ही साक्ष देतां येईल काय? आपण दररोज ज्या पायऱ्या चढतों त्यांची संख्या आपणांस सांगतां येत नाहीं. पायांना त्यांची आठवणच राहत नाहीं. आमच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला किती पायऱ्या आहेत असें आम्हीं प्राध्यापकांच्या खोलींत विचारलें, तेव्हां सहा जणांनीं चार निरनिराळे आंकडे सांगितले. तेव्हां 'सोयीचें आहे', 'अडचण पडत नाहीं' असले निवाडे आम्हीं देऊं नयेत. तो अधिकार खुर्चीवर बसणाऱ्याचा. पण पायऱ्या तीन, प्रत्येक १६ सेंटिमीटर, कठडा डावीकडे, दाराची रुंदी ७० सेंटिमीटर, हें सांगावयाला फीत पुरते. निवाडा ज्याचा त्याला करूं द्यावा. वस्तुस्थिति त्याच्या हातीं द्यावी. नकाशांत पायऱ्यांची संख्या, दाराची रुंदी, पदपथाच्या कडेची उंची, अंधांसाठीं बसविलेल्या उठावाच्या फरशा अशा गोष्टी स्वतंत्रपणें नोंदवितां येतात, हें या दृष्टीनें मोठेंच सोयीचें आहे.

पायरीला आपल्या देशांत एक नैतिक इतिहासही आहे. पंढरपुरास महाद्वारीं नामदेवांची पायरी आहे; संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनीं ती जागा मागून घेतली अशी परंपरा सांगते. तेथेंच समोर चोखोबांची समाधि आहे. त्यांना जन्मभर त्या पायरीच्या आंत येऊं दिलें गेलें नाहीं. १९४७ सालीं साने गुरुजींनीं उपोषण केलें तेव्हां तें मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुलें झालें. तो अन्याय आणि हा एकच असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें माणसानें माणसाला जाणूनबुजून बाहेर ठेविलें होतें. येथें गवंड्यानें जोतें उंच केलें तें पावसाचें पाणी आंत शिरूं नये म्हणून. कोणाच्या मनांत द्वेष नाहीं. पण द्वेष नाहीं म्हणूनच हा अन्याय अधिक चिवट आहे. ज्यांत कोणी अपराधीच सांपडत नाहीं त्याविरुद्ध उपोषण कोणाच्या दारीं करावें? असला अन्याय आधीं डोळ्यांना दिसावा लागतो, मोजला जावा लागतो. आणि नकाशावरील तांबडे ठिपके एका गल्लींत ओळीनें उभे राहिले म्हणजे तो दिसूं लागतो.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. पायऱ्या मोजणें हें विद्यार्थ्यांचें काम कीं पायऱ्या काढणें हें सरकारचें? २०११ च्या जनगणनेंत हालचालींत अपंगत्व असलेल्यांची संख्या ५४ लाखांवर नोंदली गेली. गुडघे धरलेल्या आजी आणि तान्हें मूल गाडींत घालून नेणाऱ्या आया त्यांत धरलेल्या नाहींत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सार्वजनिक इमारतींत, आणि लोक जेथें येतात अशा खासगी इमारतीही त्यांत आल्या, नियम झाल्यापासून पांच वर्षांच्या आंत प्रवेशाची सोय व्हावी असें ठरविलें. नियम २०१७ सालीं झाले. मुदत २०२२ सालीं सरली. नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, ते नियम नुसते शिफारशीवजा आहेत असें पाहून, त्यांतील १५ वा नियम कायद्याशीं विसंगत ठरविला आणि केंद्र सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास सांगितलें. इतका कायदा असतांना कोणीं फीत घेऊन हिंडावें हें एका परीनें लाजिरवाणेंच आहे. दान समजून हिंडल्यास तर सरकारला आयतीच पळवाट मिळेल: लोक करीत आहेत कीं! साक्ष समजून हिंडल्यास मात्र तीच नोंद उद्यां नगरपालिकेपुढें, वेळ आल्यास न्यायासनापुढें, पुरावा म्हणून ठेवतां येते. मोठमोठ्या कंपन्यांचे नकाशेही लोकांकडून असल्याच प्रश्नांचीं उत्तरें फुकट भरून घेतात. तींही उपयोगी पडतात. पण तीं कोणाच्या पेढींत जमा होतात एवढें तरी भरणारानें पाहावें.

त्या जोड्यांच्या दुकानाची नोंद अखेर मुलांनीं बदलली, आणि मालकाला जाऊन तसें सांगितलेंही. तो थोडा हिरमुसला. मग पायरीच्या जागीं उतार करावयाचा तर किती जागा लागेल असें त्यानें विचारलें. तीन पायऱ्या, ४८ सेंटिमीटर उंची. एकास बारा धरल्यास पावणेसहा मीटर. गल्लीच मुळीं तेवढी रुंद नाहीं. त्यावर उपाय आमच्यापाशीं नाहीं, आणि नकाशापाशींही नाहीं.

दरम्यान शेजारच्या गल्लींत पावसाळ्यापूर्वीं डांबराचा नवा थर पडला. एका वाण्याची पायरी डिसेंबरांत ११ सेंटिमीटर भरली होती, ती आतां ७ भरते. म्हणजे कोणाच्याही पुण्याईशिवाय तांबड्याची पिवळी झाली. समोरच्या शिंप्याचा उंबरठा मात्र रस्त्याच्या खालीं गेला आहे आणि तेथें पाणी सांचतें. त्या साऱ्या गल्लीच्या नोंदी पुन्हां कराव्या लागतील. फीत आमच्या विभागाच्या कपाटांत आहे.