मडकं वाजवून पाहताना

सावकाश बसा. मांडी घालता आली तर उत्तम, नाहीतर खुर्ची चालेल. पाठ सरळ असू द्या, ताठरलेली नको. पुढचं एका दमात वाचून काढायचं नाही. एक परिच्छेद झाला की थोडं थांबायचं, मग पुढे जायचं.

श्वास जसा चाललाय तसाच चालू द्या. आता ओठ मिटून, गळ्याला सोपा वाटेल असा खालचा एक सूर धरा. नुसतं गुणगुणणं. तो सुरात आहे की नाही, हे तपासू नका. कंप कुठे जाणवतो, एवढंच पाहा. छातीत? नाकाच्या मुळाशी? सूर आपोआप संपला की पुन्हा श्वास घ्या आणि पुन्हा धरा.

हा आवाज तुमचा आहे. तो असाच आहे, असाच राहणार, असं तुम्ही कधी ठरवून टाकलंत?

हा प्रश्न सोबत घेऊन तेरला जाऊ. तेरणेच्या काठचं, धाराशिव तालुक्यातलं हे गाव. कधीकाळी 'तगर' या नावानं त्याचा व्यापार रोमपर्यंत पोचलेला. आज तिथं जाणारा माणूस बहुधा गोरोबाकाकांच्या समाधीसाठी जातो. काका कुंभार. संतमेळ्यात वयानं वडील, म्हणून सगळ्यांचे काका.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तरीही ती हळू आठवा. संत जमलेले आहेत. मुक्ताई काकांना म्हणते, तुमच्या या मडक्यांतली पक्की किती, कच्ची किती, जरा पाहा. काका थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारत जातात. सगळे मुकाट बसून राहतात. नामदेवांची पाळी येते आणि ते चिडतात. काका निकाल देतात: हे मडकं कच्चं आहे.

इथं थांबा. नामदेव त्या वेळी कुणी नवखे नव्हते. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, अशी त्यांची ख्याती होती. अशा माणसाला चारचौघांत कच्चं ठरवलं गेलं. तो अपमान घटकाभर तुमच्या अंगावर घेऊन बघा. कानशिलं तापतात का?

आता थापटण्याचा आवाज ऐका. आठवडी बाजारात आजही माठ घेताना बाया बोटाच्या पेरानं तो वाजवून बघतात. नीट भाजलेला माठ खणखणीत बोलतो. भाजणीत कमी राहिलेला किंवा चरा गेलेला बद्द वाजतो. वरून दोन्ही सारखेच लाल. डोळा फसतो, कानाला मात्र कळतं.

हेच मडकं दक्षिणेत मैफलीत बसतं. कर्नाटक संगीतातलं घटम. वादक ते मांडीवर घेतो, तोंड पोटाशी लावतो आणि बोटांनी, तळव्यांनी, मनगटांनी मृदंगाशी सवाल-जवाब करतो. तमिळनाडूतल्या मानामदुरैचे घटम नावाजलेले. पण घटमला एक मर्यादा आहे. भट्टीतून निघताना त्याची जी पट्टी ठरते, ती जवळपास कायमची. चिकणमातीसारखं काहीतरी आतून चिकटवून सूर किंचित हलवता येतो, एवढंच. म्हणून घटमवादक वेगवेगळ्या पट्ट्यांचे घट बाळगतात. गायकाची पट्टी बदलली की घट बदलतो.

आता त्याच मैफलीत मधोमध बसलेल्या गायिकेकडे वळू. अरुणा साईराम. १९५२ साली मुंबईत, तमिळ घरात जन्म. पहिली गुरू आई, राजलक्ष्मी सेतुरामन. पुढे टी. बृंदा. बृंदा ही वीणा धनम्माळ यांची नात. क्षेत्रय्यांची पदं या घराण्यात जपली गेली, आणि तीही संथ लयीत. संथ लयीत लपायला जागा नसते. गमक अर्धवट राहिला तर लगेच उघडा पडतो. गुरूनं एक जागा घ्यायची, शिष्येनं ती तशीच्या तशी उतरवायची. नाही उतरली, तर पुन्हा.

'पुन्हा' या शब्दापाशी थोडं रेंगाळा. आपण शेवटचं कधी, कुणाच्या सांगण्यावरून, एकच गोष्ट मुकाट्यानं पुन्हा केली? शाळेत? नोकरीच्या पहिल्या वर्षी? त्यानंतर?

बृंदांची तालीम मिळाली म्हणजे गायिकेचं मडकं पक्कं झालं, असं कुणीही म्हणेल. अरुणा साईराम तिथं थांबल्या नाहीत. तयार गळा घेऊन त्या जर्मनीत शिकवणाऱ्या यूजीन राबिन यांच्याकडे गेल्या. त्यांची परंपरा वेगळी, भाषा वेगळी, आवाजाकडे बघण्याची नजरही वेगळी. आपल्या आवाजात अजून काय आहे, ते शोधायचं होतं. पुढचं सर्वांना माहीत आहे: २००९ साली पद्मश्री, २०११ साली लंडनला बीबीसी प्रॉम्समध्ये गायन, आणि २०१८ सालासाठी मद्रास म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी. हा मान १९७६ साली बृंदांना मिळाला होता. मानाची ही यादी इथंच सोडून देऊ. मनात धरायचं ते एवढंच, की नाव झालेलं असताना कुणीतरी पुन्हा शिकायला बसलं.

नामदेवांनीही तेच केलं. परंपरा सांगते की तेरचा निकाल ऐकून ते रागानं विठ्ठलाकडे गेले, आणि विठ्ठलानं त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडलं. ते गेले. गुरू केला.

आता या दोघांना एकत्र ऐकू. कर्नाटक मैफल वर्णमनं सुरू होते, मग कृती येतात, रागम-तानम-पल्लवी होते, तालवाद्यांची तनि आवर्तनम रंगते. जड भाग संपल्यावर शेवटाकडे हलकी पदं येतात, आणि अरुणा साईराम अनेकदा तिथं मराठी अभंग घेतात. नामदेवांचा, तीर्थ-क्षेत्र-देव सगळीकडे एक विठ्ठलच पाहणारा अभंग त्यांनी चेन्नईच्या श्रोत्यांच्या ओठांवर नेला. मुंबईत वाढलेल्या गळ्याला मराठी परकी नव्हती. ऐकणाऱ्यांच्या कानालाही अभंग अगदी नवा नव्हता. तंजावरात १६७६ पासून भोसल्यांचं राज्य होतं. तुळजापूरच्या भवानीचं नाव घेतलेला तिथला राजा तुळजाजी, त्यानं 'संगीत सारामृत' हा संगीतशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तिकडे गेले आणि तंजावूर कृष्ण भागवतरांच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग मुरले. वाट रुळलेली होती.

हे सगळं क्षणभर बाजूला ठेवून एकच गोष्ट पाहा. तेरला त्या दिवशी ज्यांची मडकी पक्की ठरली, त्यांच्यापैकी कुणाचं नव्हे, कच्च्या ठरलेल्या नामदेवांचं गाणं त्या मैफलीत चाललंय. ज्यानं कच्चेपण मान्य केलं, त्याचे शब्द तयार गळा पुन्हा शिकायला घेऊन गेलेल्या बाईच्या तोंडी आहेत. शेजारी घटम वाजतोय, तो मात्र आता बदलणार नाही.

म्हणून काकांच्या परीक्षेपुढे हात जोडून थोडी हुज्जत घालावीशी वाटते. भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर चढत नाही. माणूस चढतो. माणसाचं पक्कं होणं हे एकदाच होऊन संपणारं काम नाही; दर काही वर्षांनी कुणीतरी थापटणं मारून बघावं लागतं. पंचावन्नाव्या वर्षीही आवाज नवा लावता येतो, अक्षर सुधारता येतं, मुलाशी बोलण्याची तऱ्हा बदलता येते.

पुन्हा तो खालचा सूर धरा. या वेळी त्याला थोडी जागा द्या. जबडा सैल सोडा, खांदे खाली येऊ द्या. सूर पहिल्यापेक्षा वेगळा लागला का? लागला असेल तर एवढ्या थोड्या वेळात लागला. नसेल लागला, तरी बिघडलं काहीच नाही.

आता एक काम निवडा, ज्यात तुमचा हात बसलाय असं सगळे मानतात आणि तुम्हीही मानता. शिकवणं, स्वयंपाक, हिशेब, शेती, लेखन. मग एक माणूस निवडा, ज्याचा कान तुमच्यापेक्षा तयार आहे. वयानं तो लहान असला तरी हरकत नाही; मुक्ताई तर सगळ्यांत धाकटी होती. या आठवड्यात त्याच्याकडे जा आणि म्हणा, जरा वाजवून बघा.

'कच्चं' असं उत्तर आलं तर राग येईल. येऊ द्या, तो नामदेवांनाही आला होता. राग उतरला की त्याच माणसाला विचारा, शिकायला कधीपासून येऊ.