प्राण्यांची हाताळणी आणि अहिंसेचा विचार

विज्ञानाच्या तासाला गांडूळ, गोगलगाय किंवा बेडूक वर्गात आणला जातो, तेव्हा एका जीवाला दुसऱ्याच्या ज्ञानाचे साधन करणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याची उकल करण्यास जैन दर्शनातील हिंसेची मीमांसा विशेष उपयुक्त ठरते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्या केवळ प्राणहानीवर न बेतता ती प्रमादाशी, म्हणजे विकारवश बेसावधपणाशी, जोडलेली आहे. म्हणूनच प्राणी सुदैवाने वाचला, एवढ्यावरून त्याला हाताळणाऱ्याची बेपर्वाई निर्दोष ठरत नाही.

साधूंच्या आचारासाठी सांगितलेल्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध वर्तनाच्या नियमांपैकी, आदान-निक्षेपण समिती ही वस्तू उचलताना व ठेवताना एखादा जीव दुखावला जाऊ नये म्हणून बाळगायच्या दक्षतेची आहे. हा नियम मुळात साधूंचा असला, तरी वर्गात जी वस्तू उचलायची तीच सजीव असल्याने त्याचा आशय तेथे अधिकच थेट लागू पडतो. जैन परंपरेने द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श व रस ही दोनच इंद्रिये असलेल्या, जीवांत गणलेल्या कृमींपैकी गांडुळाला फुप्फुसे नसतात, ते ओलसर त्वचेतून श्वसन करते आणि त्या त्वचेत प्रकाश जाणवणाऱ्या पेशीही असतात. त्यामुळे साबणाचा अंश नसलेल्या ओल्या हाताने ते उचलणे, ओल्या टीपकागदावर मंद उजेडात थोडाच वेळ ठेवणे आणि जेथून आणले त्याच ओल्या मातीत परत सोडणे, ही केवळ प्रयोगातील खबरदारी नसून अप्रमादाची साधना आहे. निरीक्षणानंतर साबणाने हात धुण्याची सक्ती विद्यार्थ्याला संसर्गापासून वाचवते, म्हणून तीही याच दक्षतेत मोडते.

तथापि कुशल हाताळणी हा हाताळण्याचा परवाना नव्हे. गृहस्थाला काही हिंसा अटळ मानणारी जैन परंपराही संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून केलेली, हिंसा वर्ज्यच मानते. आणि प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 17 मध्येही पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी शिकवण्याचे काम तितकेच भागत असेल, तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, हेच उद्दिष्ट सांगितले आहे. म्हणून जे मातीत, झाडावर वा पाण्यात पाहून समजते, त्यासाठी प्राणी पकडून आणणे समर्थनीय नाही. आणि जेथे तो आणणे खरोखर आवश्यक असेल, तेथे शिक्षकाने विद्यार्थ्यांना प्राण्याच्या रचनेआधी त्याला उचलण्याची व ठेवण्याची रीत शिकवावी.