धक्का कुणाच्या नावे?

माणसाने वर जावं, अशी आपल्याकडची एकंदर शिकवण आहे. शाळेत मास्तर सांगत, "वरचा नंबर काढ." बँकेत लागल्यावर वडील म्हणाले, "आता वरच्या परीक्षा दे." जागा बघायला गेलो तर दलाल म्हणाला, "वरचा मजला घ्या साहेब, वारा आहे." त्यामुळे आमच्या भाच्याने एके दिवशी, "मामा, मला गाडी खाली घ्यायची आहे," असं जाहीर केलं तेव्हा मला वाटलं, यानं ती गच्चीवर चढवून ठेवली आहे की काय!

खाली घ्यायची म्हणजे जमिनीजवळ आणायची. कंपनीतून गाडी येते तेव्हा चाक आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यात चांगली चार बोटं फट असते. तुमच्याआमच्यासारख्या सरळमार्गी माणसांना ती दिसतही नाही. पण एकदा ती दिसायला लागली की माणसाला झोप येत नाही म्हणतात. "पँट आखूड झालेल्या मुलासारखी दिसते गाडी," असं भाच्याचं मत पडलं. ही गाडी शोभेची नव्हे. रोज सकाळी तो तिच्यातून ट्रॉम्बेहून खाडी ओलांडून महाप्याला नोकरीला जातो, आणि घरातल्या सगळ्यांची ने-आणही तीच करते.

आता आमचं ट्रॉम्बे हे मोठं विज्ञाननिष्ठ ठिकाण. आशियातली पहिली अणुभट्टी, 'अप्सरा', 1956 सालच्या ऑगस्टात इथेच सुरू झाली. अणू वश झाला, पण स्पीडब्रेकर अजून कुणाला वश झालेला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली गतिरोधकाचं माप घालून दिलं आहे : उंची दहा सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर. म्हणजे गाडीने पंचवीसच्या वेगाने त्यावरून झोपाळ्यासारखं जावं. आमच्याकडच्या गतिरोधकांनी यातली उंची मनापासून स्वीकारली, किंबहुना पदरचं थोडं घातलं. काटकसर केली ती रुंदीत. शिवाय माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचे टँकर या भागातल्या रस्त्यांना जो मसाज करतात, तो वेगळाच.

अशा रस्त्यावर भाच्याने गाडी खाली घेतली. कुठल्याशा गॅरेजात एका दुपारी चारही स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी ग्राइंडरने कापली आणि गाडी उंदरावर टपलेल्या मांजरासारखी दिसू लागली. खोटं कशाला बोलू, सुरेख दिसत होती. पण पहिल्याच गतिरोधकावर तिचं चेंबर घासलं आणि दुसऱ्यावर माझी कवळी वाजली. माझे दात खरे आहेत, पण त्या क्षणी कवळी असल्यासारखे वाजले.

यातली मेख मला पुढे आमच्याच वस्तीजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी समजावली. कुर्ल्याला तयार होणाऱ्या पद्मिनीच्या टॅक्सीखाली आडवं पडून त्यांनी उमेदीची वर्षं काढली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात संपली तेव्हा त्यांनी त्या दिवशी गॅरेज बंद ठेवलं होतं. पुढे गुंडाळी स्प्रिंग, मागे कमानपाटे, असा त्या गाडीचा संसार. त्यांनी भाच्याच्या गाडीखाली एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, गाडी नीचे नहीं आयी, रास्ता ऊपर आ गया."

त्यांचं म्हणणं असं. खड्डा आला की चाक वर उसळतं. ते वर येताना स्प्रिंग दबते, धक्का पोटात घेते आणि शॉकअब्सॉर्बर तिला पुन्हापुन्हा नाचू देत नाही. धक्का गिळायला अंतर लागतं. चार बोटं अंतर असेल तर तो हळूहळू गिळता येतो. दोनच बोटं असतील तर तोच धक्का दुप्पट जोराने गिळावा लागतो. त्यात स्प्रिंग कापली की ती मऊ होते, अशी पुष्कळांची समजूत, होतं उलटं. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं तर उरलेली पाच वीस टक्क्यांनी जास्त कडक होतात. माणसाचंही असंच आहे. आमच्या बँकेत सहा जणांतला एक कमी केला की उरलेले पाच लगेच कडक होतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला हे स्प्रिंगपेक्षा जमाखर्चाच्या भाषेत लवकर कळलं. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पॅचिओली नावाच्या एका संन्याशाने द्विनोंदी पद्धत पुस्तकात छापून ठेवली. जे एकाकडे जमा होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलेलं असतंच. आता संन्याशाला जमाखर्चाशी काय करायचं होतं, असं तुम्ही विचाराल. पण मला वाटतं, हा हिशेब मुळात नीतीचाच आहे. रस्त्यावरचा धक्का नाहीसा होत नाही. स्प्रिंगने घेतला नाही तर सीट घेते, सीटने घेतला नाही तर मणका. गाडी खाली आली, ऐट भाच्याच्या खात्यात जमा झाली. मग नावे कुणाच्या?

नावे पडली आईच्या. माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, ताईकडेच असते. वय चौऱ्याहत्तर. महिन्याला एकदा डॉक्टर आणि चतुर्थीला देऊळ, एवढाच तिचा प्रवास, आणि तो मागच्या सीटवरून. मागची सीट ही धक्क्यांची राखीव जागा असते. गाडी खाली आल्यावर पहिल्या चतुर्थीला ती जाऊन आली. दुसऱ्या चतुर्थीला म्हणाली, "आता मला कुठं जायचंय रे, देव घरातही आहेच की." तक्रार नाही, कण्हणं नाही. ताईला वाटलं, वय झालं. आईलाही वाटलं, वय झालं. दीड वेटोळं कमी झालं आहे, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

भाचा वाईट नाही हो. मी विषय काढला तेव्हा त्याने मलाच कोंडीत पकडलं. "मामा, तुम्ही रोज इस्त्रीचा शर्ट का घालता? चुरगळलेल्या शर्टानेही नोटा मोजता येतात की!" मुद्दा बिनतोड. माणूस नुसत्या उपयोगावर जगत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या बाजूला मेक्सिकन वंशाच्या लोकांनी गाड्या अशाच जमिनीला टेकवल्या आणि मुद्दाम हळू चालवल्या. ज्यांना कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांच्याकडे रस्ता वळून बघू लागला. कॅलिफोर्नियात 1958 साली कायदा झाला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. पुढच्याच वर्षी एका तरुणाने विमानातले हायड्रॉलिक पंप बसवून बटणावर वर-खाली होणारी गाडी काढली. पोलीस दिसला की वर, पोरी दिसल्या की खाली! तो कायदा 2024 च्या जानेवारीपासून रद्द झाला. तेव्हा ऐट ही क्षुल्लक गोष्ट आहे, असं मी म्हणणार नाही.

पण इस्त्रीवाल्याला मी पैसे देतो, आणि निखाऱ्यांची धग तो ते मोजून घेतो. आईला कुणी विचारलंही नव्हतं.

"मग विचारायचं होतं, असंच ना?" भाचा म्हणाला. "आजी लगेच हो म्हणाली असती."

इथे मात्र मी अडखळलो, कारण हे शंभर टक्के खरं होतं. नातवाच्या हौसेसाठी आजी हो म्हणालीच असती. वर "माझी कंबर मेली आहेच तशी" म्हणून पाठीवरून हात फिरवला असता. संमती घेतली की नीतीचा प्रश्न सुटतो, असं आपण धरून चालतो. पण जो आपल्यावर जीव लावतो त्याची संमती म्हणजे सही केलेला कोरा चेक. बँकेत वीसहून अधिक वर्षं काढल्यावर मला एवढं नक्की कळतं, की कोरा चेक हातात असणं आणि त्यावर वाटेल तो आकडा घालण्याचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परक्या माणसाशी आपण घासाघीस करून व्यवहार चोख ठेवतो; फसवणूक होते ती घरच्यांची, आणि तीही त्यांच्या पूर्ण संमतीने. घरोघरी कुणीतरी एक असतं, जे "मला चालेल" म्हणतं. उरलेलं अन्न त्याच्या ताटात, खिडकीपासून लांबची जागा त्याची, आणि मागची सीटही त्याचीच.

मग हौस करूच नये का? करावी. पण तिचा धक्का आपल्या नावे घालावा. ही नुसती सुभाषितं नव्हेत, यात तंत्रही आहे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने शेतकऱ्यांसाठी छोटी गाडी काढायची ठरवली तेव्हा अट अशी घातली होती, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटता कामा नये. त्याच कंपनीने 1955 साली अशी मोटार आणली, की जिच्यात तेल आणि नायट्रोजन वायूच्या जोरावर उंचीही बदलायची आणि बसणाराही रजईत असल्यासारखा राहायचा. म्हणजे ऐट आणि अंडी एकत्र नांदू शकतात. फक्त त्याला खर्च, डोकं आणि धीर लागतो. एका दुपारचं ग्राइंडर पुरत नाही.

मिस्त्रींनी भाच्याला आधी मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडी चालवत मानखुर्दपर्यंत नेऊन आणली. परतल्यावर तो बराच वेळ उभाच होता. मग त्यांनी यादी सांगितली. कापलेल्या स्प्रिंगा भंगारात. त्या जागी खास बनवलेल्या, सुरुवातीला मऊ आणि दाब वाढेल तशा कडक होत जाणाऱ्या स्प्रिंगा. उंची कमी करायची ती फक्त इंचभर. स्प्रिंगेला जुळणारे शॉकअब्सॉर्बर, कारण नव्या सुनेला जुनी सासू झेपत नाही. टायर जाड बाजूचेच ठेवायचे, कारण रबरातली हवा हीसुद्धा स्प्रिंगच. शेवटी चाकांचं अलाइनमेंट, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत तेच बजावलं आहे. तेव्हा हात घालण्याआधी आरटीओत विचारून या, असंही त्यांनी सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून भाचा जवळजवळ इंचभर खाली आला. गोव्याची सहल रद्द झाली. पैसे त्याचे, सहल त्याची, सुट्टीतले हेलपाटे त्याचे.

काम झालं. पुढच्या चतुर्थीला ताईने आईला गाडीत बसवलं. जाऊन आल्यावर मी विचारलं, "काय आई, गाडीत काही फरक वाटला का?"

"कसला फरक?" आई म्हणाली. "गर्दी मात्र फार होती हो देवळात."

भाच्याचा चेहरा पडला. मित्रांनाही इंचभर फरक ओळखू येत नाही. फूटपट्टी लावून दाखवावी लागते. पण रोज सकाळी निघताना तो चार पावलं मागे सरकतो, मान तिरकी करून चाक आणि पत्रा यांच्यातली फट बघतो आणि स्वतःशीच हसतो. एवढा खर्च, आणि बघणारा एकटा तो. माझ्या मते तो हिशेब बरोबर जुळला आहे.