अभिमान, दोन भाषांतला

बांगलातून मराठीत अनुवाद करणाऱ्याला जे शब्द फसवतात ते बहुधा फार ओळखीचे असतात. 'अभिमान' हा त्यांतला सगळ्यात मोठा ठक. मराठीत आपल्याला मुलांचा, भाषेचा, गावाचा अभिमान असतो; छाती फुगते. बांगलात हाच शब्द 'ओभिमान' असा उच्चारतात आणि तिथे छाती फुगत नाही, गळा दाटतो. ज्याच्यावर आपला हक्क आहे असं वाटतं, त्यानंच आपल्याला गृहीत धरलं की मनात जे साचतं ते ओभिमान. राग परक्यावरही करता येतो; ओभिमान फक्त आपल्या माणसावर. मराठीत त्याला 'रुसवा' म्हणावं तर तो फार हलका, लाडातला. 'मानभंग' म्हणावं तर त्यातली माया निघून जाते. या शब्दाशी इतकी वर्षं झटल्यावर त्याचं सगळ्यात नेमकं उदाहरण मला सापडलं ते कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये.

२०१७ सालच्या ऑगस्टमध्ये एटीके या कोलकात्याच्या संघानं रॉबी कीनला करारबद्ध केलं. आयर्लंडसाठी १४६ सामन्यांत ६८ गोल करणारा, २००२ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी बरोबरी साधणारा, गोल केला की कोलांटी मारून धनुष्य ताणल्याचा अभिनय करणारा हा माणूस. इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, सेल्टिक, लॉस एंजेलिस गॅलक्सी असा प्रवास करून तो सदतिसाव्या वर्षी कोलकात्याला येत होता. शहरात दोन वाक्यं एकाच वेळी ऐकू येत होती, पुष्कळदा एकाच तोंडून. एक : "रॉबी कीन, आपल्याकडे!" आणि दुसरं : "आता, आपल्याकडे?" पहिल्या वाक्यात मराठी अभिमान आहे, दुसऱ्यात बंगाली. आमच्या गल्लीतल्या एका वयस्क फुटबॉलवेड्या दादांना मी विचारलं, राग आलाय का? ते म्हणाले, "राग नोय, ओभिमान." ज्यानं आपला बहराचा काळ इतरांना दिला, तो उरलेलं घेऊन आपल्या दारी आलाय आणि त्याचंही आपल्याला अप्रूप वाटतंय, याची ती कळ होती.

या शहराला फुटबॉलपटूकडून नेमकं काय हवं असतं, ते फोर्ट विल्यमच्या तटाबाहेर पसरलेल्या मैदानावर कळतं. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा किल्ला बांधायला घेतला आणि तोफांच्या माऱ्याला आड काही येऊ नये म्हणून भोवतालची झाडी तोडून जमीन मोकळी केली. तीच मैदान. युद्धासाठी रिकाम्या ठेवलेल्या त्या जागेत फुटबॉल वाढला. आजही ती जमीन लष्कराच्या अखत्यारीत आहे आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांची जुनी मैदानं तिथेच आहेत. इथेच २९ जुलै १९११ रोजी मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले. तेव्हापासून मैदानावरच्या माणसाला खेळाडू हा पगारी नोकर वाटलेला नाही. तो आपल्या वतीनं खेळणारा आपला माणूस असतो. म्हणून त्याच्याकडून दुखावलं जाणंही घरच्यासारखं असतं.

त्या किल्ल्याचं नाव आता विजयदुर्ग झालं आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. ज्या शहरानं १७४२ मध्ये बर्गींच्या, म्हणजे मराठ्यांच्याच धास्तीनं खंदक खणला, तिथल्या किल्ल्याला मराठी आरमाराच्या किल्ल्याचं नाव मिळावं, हे इथे राहणाऱ्या मराठी माणसाला गमतीचं वाटतं. पण बोलताना लोक अजून फोर्ट विल्यमच म्हणतात. तिथे वास्तू तीच राहिली आणि नाव बदललं. उतरणीला लागलेल्या खेळाडूच्या बाबतीत उलटं होतं : नाव तेच राहतं, माणूस बदललेला असतो. आणि करार होतो तो पुष्कळदा नावाशी.

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघात एक 'मार्की' खेळाडू असावा असा दंडकच होता. म्हणजे पोस्टरवर शोभेल असं नाव हवं. २०१५ मध्ये कोलकात्यानं पोर्तुगालच्या हेल्डर पोस्टिगाला आणलं. पहिल्याच सामन्यात त्यानं दोन गोल केले, त्याच सामन्यात दुखापत झाली आणि हंगाम संपला. मुंबईनं २०१६ मध्ये दिएगो फोर्लानला आणलं, २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू. तोही तेव्हा सदतीस वर्षांचा. त्यानं केरळविरुद्ध हॅट्ट्रिक केली, मुंबई गुणतक्त्यात पहिली आली आणि अंधेरीत बसलेल्या प्रेक्षकांना वाटलं, म्हातारा सिंह अजून सिंहच आहे. मग उपांत्य फेरीचा पहिला सामना कोलकात्यात, रवींद्र सरोवरच्या मैदानावर झाला. फोर्लानला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, तो बाहेर गेला, मुंबई ३-२ हरली. परतीचा सामना गोलशून्य सुटला आणि कोलकाता अंतिम फेरीत गेलं. मुंबईकरांच्या मनात त्याचं काय राहिलं? हॅट्ट्रिकही राहिली आणि ते कार्डही. दोन्ही खरी होती.

यावर एक सरळ उत्तर दिलं जातं : हा धंदा आहे, भावना कसली आणता? क्लबनं पैसे मोजले, खेळाडूनं घेतले, तुम्ही तिकीट काढलंत. आवडलं नाही तर घरी बसा. हे उत्तर नीटनेटकं आहे, पण ते देणाऱ्यांनीच अडचणीत येणारं आहे. क्लबनं विकलं काय होतं? पाय विकले असते तर चोवीस वर्षांचे पाय स्वस्तात मिळाले असते. विकली गेली ती आठवण, तीही दुसऱ्यांची : डब्लिनची, लंडनची, मोंतेविदेओची. भावनेवर तिकीट लावायचं आणि प्रेक्षकानं भावना दाखवली की त्याला व्यवहार शिकवायचा, हे जमणार नाही.

दुसरं उत्तर याच्या उलट आणि आपल्याकडे जास्त लोकप्रिय आहे : मोठ्या माणसाचा मान राखावा, तो कसा खेळतो ते बघू नये. या उत्तराची ताकद आणि मर्यादा दोन्ही मराठी माणसाला बालगंधर्वांमुळे ठाऊक आहेत. पन्नाशी उलटल्यावरही ते रुक्मिणी आणि सिंधू होऊन रंगमंचावर उभे राहत. देह थकलेला, आवाज पूर्वीचा नाही. ज्यांनी त्यांना ऐन बहरात ऐकलं होतं त्यांच्यातले काही डोळे पुसत ऐकत राहिले, काहींना ते बघवलं नाही म्हणून त्यांनी जाणं सोडलं. दोघांचंही प्रेमच होतं. पण गाण्यात एक सोय आहे. गायकाला न लागलेला सूर श्रोता आपल्या आठवणीतून भरून काढू शकतो. फुटबॉलमध्ये ती सोय नाही. दोन यार्डांनी हुकलेला चेंडू प्रेक्षकाच्या आठवणीनं जाळ्यात जात नाही. शिवाय आघाडीवर जागा एकच असते. तिथे नाव उभं राहिलं की मिझोराम-मणिपूरचा किंवा कोल्हापूरच्या तालमीतून आलेला एखादा विशीतला पोरगा बाकावर बसतो. आपल्या भक्तीची किंमत आपण त्याच्या वयातून मोजत असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून 'मान राखा' एवढं म्हणणं पुरेसं नाही. मान माणसाला द्यायचा असतो. संघातली जागा मात्र खेळाला द्यायची असते. आदरापोटी जागा देणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणं.

मग हवं काय? ते समजण्यासाठी मैदानाचाच एक जुना किस्सा आठवावा लागेल. १९८० मध्ये ईस्ट बंगालचे अनेक मोठे खेळाडू क्लब सोडून गेले होते. त्या पडत्या काळात अलीगढला शिकायला आलेले इराणी तरुण क्लबनं घेतले. त्यांत मजीद बिस्कर होता आणि जमशीद नासिरी. मजीदचा खेळ ज्यांनी पाहिला ते आजही त्याला मैदानाचा बादशहा म्हणतात. त्या वर्षी फेडरेशन चषक ईस्ट बंगाल आणि मोहन बागानला विभागून मिळाला. दोनेक वर्षांत मजीद आणि जमशीद मोहमेडन स्पोर्टिंगमध्ये गेले. पुढे मजीदचं आयुष्य विस्कटलं, खेळ उतरला, त्याच्याबद्दल बऱ्यापेक्षा वाईटच बोललं जाऊ लागलं आणि एक दिवस तो मायदेशी निघून गेला. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये ईस्ट बंगालच्या शताब्दीला तो परत आला, साठी ओलांडलेला. अपरात्री विमानतळावर समर्थकांची गर्दी उसळली होती. ज्यांचा जन्म त्याच्या निवृत्तीनंतरचा, तीही पोरं लाल-सोनेरी झेंडे घेऊन आली होती.

हे स्वागत खरं होतं, सुंदरही होतं. पण ते सोपं होतं. २०१९ च्या मजीदकडून कुणाला पास नको होता. तो आठवण होऊन आला होता आणि आठवणीवर प्रेम करायला काही लागत नाही. १९८० च्या मजीदवर प्रेम करायलाही काही लागत नव्हतं; तो जिंकून देत होता. अवघड होता तो मधला मजीद : ज्याचं नाव अजून मोठं होतं, पाय जड झाले होते, आणि जो रोज समोर दिसत होता. त्याच्या वाट्याला थट्टा आली आणि मग दुर्लक्ष. शिखरावरच्या माणसावर आणि निवृत्त माणसावर आपण सहज उदार होतो. उताराच्या वाटेवरच्या माणसाशी कसं वागायचं ते आपल्याला येत नाही, आणि वृद्ध आईवडील किंवा खुर्ची न सोडणारे प्राध्यापक यांच्या बाबतीतही ते येत नाही. फुटबॉलमध्ये हा मधला काळ तिशीतच येतो आणि हजारो लोकांसमोर येतो, एवढाच फरक.

कीनचा कोलकात्यातला काळ हाच मधला काळ होता. हंगामाच्या तोंडावर तो जायबंदी झाला. परतल्यावर त्यानं गोलही केले. पण संघ घसरत गेला, प्रशिक्षक टेडी शेरिंगहॅम मध्येच गेले, शेवटी कीनलाच प्रशिक्षकाचीही जबाबदारी देण्यात आली. दोनदा विजेता ठरलेला संघ दहात नववा आला. घसरणीचा सगळा दोष पोस्टरवरच्या चेहऱ्यावर टाकणं लोकांना सोयीचं होतं. प्रत्येक नव्या क्लबला तो बालपणीचं स्वप्न म्हणतो, ही इंग्लंडातली जुनी थट्टा इथेही फिरली. पण वय लपवून तो आला नव्हता. त्याचं वय सगळ्यांना माहीत होतं. करार करणाऱ्यांना सगळ्यात जास्त.

म्हणून मला वाटतं, समर्थकाच्या त्या दोन वाक्यांपैकी एकही खोडायला नको. त्यांना संमिश्र भावना म्हणून आपण बाजूला सारतो, जणू चाहत्याचं मन ठरत नाहीये. मन ठरलेलं असतं. ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दलची दोन बरोबर मतं असतात. 'आपल्याकडे!' हे खेळाडूबद्दल आहे : त्यानं जे केलं ते मोठं होतं, तो समोर दिसतोय हे भाग्य आहे. 'आता?' हे आपल्याबद्दल आहे : आपल्या फुटबॉलला अजून दुसऱ्यांचा मावळता सूर्य विकत घ्यावा लागतो, याबद्दल. घोटाळा होतो तो दुसऱ्या वाक्याचा रोख पहिल्या माणसावर वळवला की.

सुनील छेत्रीच्या बाबतीत हे लख्ख दिसलं. २००२ मध्ये मोहन बागानकडून सुरुवात करणाऱ्या या खेळाडूनं ६ जून २०२४ रोजी कोलकात्यातच, सॉल्ट लेकच्या मैदानावर, राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. स्टेडियम रडलं. नऊ महिन्यांनी, चाळिशीत, तो परत आला आणि मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. लोकांना आनंद झाला आणि त्याच क्षणी लाज वाटली. आनंद त्याचा, लाज याची, की इतक्या मोठ्या देशाला त्याच्या जागी उभा राहील असा पोरगा घडवता आला नाही. ती लाज छेत्रीनं का वाहावी?

समर्थकानं चुकलेल्या पासवर ओरडावं. बाकावरच्या पोराला खेळवा म्हणून घोषणा द्याव्यात, त्या क्लबच्या कचेरीपर्यंत पोहोचतील एवढ्या मोठ्यानं. हा त्याचा हक्क आहे. फक्त थकलेल्या माणसाच्या थकव्याची टर उडवू नये आणि तो थकलेला नाहीच असा देखावाही करू नये. टर म्हणजे त्याच्याकडून आपल्या आठवणींची वसुली, आणि देखावा म्हणजे त्याला लहान मुलासारखं फसवणं.

अनुवादात मी अजूनही 'अभिमान'पाशी अडते. एका ठिकाणी 'मनाला लागलं' लिहिते, एका ठिकाणी 'दुखावलेपण', आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांडतं. मैदानावरच्या माणसाला मात्र हा शब्द फोडून दोन करावा लागत नाही. त्याची छाती फुगते आणि गळाही दाटतो, आणि तो पुढच्या सामन्याचं तिकीट काढतो.