तारेची लांबी

रेव्हेल कंपनीचं ‘जॉली ग्रीन जायंट’ हे प्लास्टिक मॉडेलचं किट व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. अमेरिकी हवाई दलाच्या सिकोर्स्की एचएच-३ई या बचाव हेलिकॉप्टरची ही १:७२ प्रतिकृती. खऱ्या रोटरचा व्यास ६२ फूट, म्हणजे प्रतिकृतीत तो सव्वीस सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवा. जुनी किटं बांधणारे असं प्रत्येक माप ताडून पाहतात. पृष्ठभागावर उठून आलेले रिव्हेट त्यांना खुपतात, आणि ते खुपणं रास्तही आहे. पाव मिलिमीटर उंचीचा रिव्हेट म्हणजे खऱ्या यंत्रावर अठरा मिलिमीटरचा उंचवटा! पण बचावाच्या हेलिकॉप्टरचं सगळ्यात महत्त्वाचं माप त्याच्या अंगावर सापडत नाही. ते त्याच्या पोटाखाली आहे.

उजव्या दरवाजाच्या वर तार गुंडाळणारी एक विंच असे आणि तिच्यावर सुमारे २४० फूट पोलादी तार. पाडलेल्या विमानाचा वैमानिक दाट जंगलात उतरलेला, वर झाडांचे थरावर थर, हेलिकॉप्टर टेकवायला जागा नाही. मग फांद्यांमधून घुसेल असं, दुमडत्या बैठकांचं एक जड अवजार तारेच्या टोकाला लावून खाली सोडत. २४० फुटांना ७२ ने भागा. एक मीटरहून थोडी जास्त तार येते. चोवीस सेंटिमीटरच्या धडाच्या चौपटीहून अधिक. किटमध्ये त्या जागी प्लास्टिकचा एक छोटा गठ्ठा मिळतो, तार नाहीच.

ही लांबी डोक्यात धरली की बाकीच्या यंत्राचा अर्थ लागत जातो. तार खाली जाऊन वर येईपर्यंत हेलिकॉप्टरला एका जागी तरंगत राहावं लागे. त्या वेळात ते खालच्या बंदुकांसाठी आयतं लक्ष्य, म्हणून टायटॅनियमचं चिलखत आणि संरक्षणासाठी आसपास घिरट्या घालणारी स्कायरेडर लढाऊ विमानं. तरंगायला वजन कमी हवं, म्हणून प्रसंगी इंधन हवेतच सोडून दिलं जाई. आणि परतीसाठी ते हवेतच पुन्हा भरून घ्यायचं, म्हणून नाकाशी ती पुढे आलेली नळी. याच नळीच्या जोरावर १९६७ मध्ये दोन एचएच-३ई वाटेत नऊ वेळा इंधन घेत, कुठेही न उतरता न्यूयॉर्कहून पॅरिसला पोहोचले. तो पराक्रम मोठाच. तरी मला त्या चार हजारांहून अधिक मैलांच्या बढाईपेक्षा, नव्हे, कुठल्याही लांबच्या उड्डाणापेक्षा, खालचे ते २४० फूट अवघड वाटतात.

कारण त्या अंतरात माणूस असे. ११ एप्रिल १९६६ रोजी विल्यम पिट्सनबार्गर हा एकवीस वर्षांचा पॅरारेस्क्यू (हवाई बचाव पथकाचा) जवान एचएच-४३ हस्की या लहान हेलिकॉप्टरमधून तारेने जंगलात उतरला. त्याने नऊ जखमींना वर पाठवलं. गोळीबारात हेलिकॉप्टरला निघावं लागलं, तेव्हा वर येण्याची संधी असूनही तो खालीच थांबला आणि तिथेच मारला गेला. २००० साली त्याला मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मरणोत्तर मिळाला. हस्कीचीही जुनी किटं आहेत. ती हाती घेणाऱ्याला हे ठाऊक असावं असं मनापासून वाटतं.

म्हणून माझा आग्रह आहे की हे मॉडेल चाकांवर उभं करू नये. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या दांड्यावर तरंगतं ठेवावं. मग पात्यांकडे बघावं लागतं: जमिनीवर ती आपल्या वजनाने खाली झुकतात, तरंगताना भार उचलून टोकांशी किंचित वर जातात. किटमधली पाती अगदी सरळ असतात. खूप गरम पाण्यात धरून त्यांना हलका बाक द्यावा. तारेसाठी विजेच्या मऊ वायरमधला तांब्याचा एकच तंतू काढून दोन काचांमध्ये घोळवून सरळ करता येतो. खरी तार पाचेक मिलिमीटर जाडीची, प्रमाणात ती केसाइतकी. तांब्याचा नेहमीचा तंतू थोडा जाडच पडेल, पण तो ताठ राहतो.

पूर्ण मीटरभर तार दाखवायची तर मॉडेल कपाटाच्या वरच्या फळीवर, कडेला न्यावं लागेल. जागा नसेल तर निदान दरवाजात विंच चालवणारा माणूस बसवावा, चेहरा थेट खाली वळलेला. पायलटला पोटाखालचं दिसत नसे. ‘थोडं पुढे, उजवीकडे, थांब’ असं हा माणूस सांगे आणि त्या शब्दांवर हेलिकॉप्टर धरून ठेवलं जाई. पायलटच्या बाहुलीची मान मात्र समोर असावी.